पेन्शनला पावणेचार वर्षं उरली असताना फौज सोडावी का?

प्रश्न एका नाईकाचा आहे. थोडक्यात असा: "मी मोहोळ तालुक्यातला. आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये स्टोअरकीपर आहे, सेवा ११ वर्षं ३ महिने झाली. सध्या आसामात. चार महिन्यांपूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. आई एकटी पडली, तीन एकर ऊस आहे, बायको आणि पाच वर्षांची मुलगी जुळे सोलापुरात भाड्याने राहतात. अकरा वर्षं नुसते ब्लँकेट आणि टायर मोजले, बॉर्डरवर एकदाही उभा राहिलो नाही. गावात विचारतात तेव्हा काय सांगावं कळत नाही. मित्र जेसीबीत भागीदारी देतो म्हणतोय. डिस्चार्ज घेऊ का? घेतला तर हातात किती येतील?"

तुला अरेतुरे करतोय, राग मानू नकोस, माझा थोरला तुझ्याच वयाचा आहे. मी २८ वर्षं फौजेत क्लार्क होतो, सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. शेवटची काही वर्षं हेड क्लर्क होतो. युनिटमधून जो कुणी घरी जायचा, वेळेवर असो की वेळेआधी, त्याचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. सोलापुरात परतल्यावरही ते काम सुटलं नाही. कुणाच्या पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, नाव चुकलेलं, कुणाच्या विधवेची पेन्शन अडकलेली, असं काही ना काही रोज येतं. लवकर बाहेर पडलेली पोरंही येतात. त्यांच्याकडे बघूनच हे सविस्तर लिहितोय.

आधी तुझा प्रश्न मला कसा दिसतो ते सांगतो. तू दोन दुखणी एकाच गाठोड्यात बांधली आहेस. एक घरचं, म्हणजे वडील, आई, ऊस, लहान मुलगी. दुसरं तुझ्या मनातलं, की आपण खरे सैनिक नाही, आपण गोदामवाले. घरच्या दुखण्यावर डिस्चार्ज हा एक उपाय आहे, पण पहिला नाही आणि एकमेव तर नाहीच. मनातल्या दुखण्यावर तो उपायच नाही. अकरा वर्षं कमी वाटत असतील तर घरी येऊन बसल्याने ती जास्त वाटायला लागणार नाहीत. तेव्हा ही गाठ आधी सोड.

आता नियम. शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सगळ्यांना पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते. विनंतीवरून डिस्चार्जची तरतूद आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३ मध्ये आहे. मंजुरी सीओ साहेबांच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, हातात असते. अर्जाचं कारण त्यांना पटलं पाहिजे आणि तुझ्या जाण्याने युनिटची नफरी (जवानांची संख्या) फार घटत नाही असं त्यांना वाटलं पाहिजे. म्हणजे डिस्चार्ज हा तुझा हक्क नाही. तू मागायचा, त्यांनी द्यायचा. आणि मंजुरीचा आदेश निघाला की माघार घेणं फार अवघड. दोन दिवसांत मन बदललेली पोरं मी हेड क्लर्कच्या टेबलासमोर रडताना पाहिली आहेत. तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसायचं.

आत्ता, १५ च्या आत, स्वतःहून आलास तर पेन्शन नाही. तुझा एएफपीपी फंड (फौजेतला प्रॉव्हिडंट फंड) आणि ग्रुप इन्शुरन्सची परतावा रक्कम हा तुझाच पैसा, तो मिळेल. ग्रॅच्युइटीचं काय निघतं ते तुझ्या रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घे, माझ्या किंवा कुणाच्याही तोंडी आकड्यावर विसंबू नकोस. एवढं नक्की की ही रक्कम एकदाच येते आणि दिसते मोठी. मित्राच्या जेसीबीचं डाऊन पेमेंट भागेल इतपत मोठी. धोका तिथेच आहे.

उलट बाजू बघ. समज, १५ वर्षं पुरी होताना तुझा मूळ पगार ३४,३०० असेल. त्यात मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० धर, झाले ३९,५००. त्याचं निम्मं १९,७५० ही तुझी मूळ पेन्शन, वर महागाई. तुझी बेसिक मला माहीत नाही, शिवाय वेतन आयोग बदलला की आकडेही बदलतील, पण हिशेबाची रीत हीच. ही रक्कम मरेपर्यंत येणार आणि तुझ्यामागे बायकोला फॅमिली पेन्शन. चौतिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी सुरू होणारी. उसाचं बिल कारखान्याने सहा महिने लांबवलं तरी ही दर महिन्याला जमा होते. मोहोळकडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण माझ्या मते पेन्शनच्या रकमेपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे आणि ती पोरांना घरी आल्यावर कळते. पेन्शन मिळवण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला माणूस सरकारच्या व्याख्येप्रमाणे 'माजी सैनिक' ठरत नाही. अकरा वर्षं वर्दी घातली, तरी नाही. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक म्हणून नोंदणी नाही, ओळखपत्र नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड नाही, कॅन्टीन नाही. राज्य सरकारच्या गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत साडेचौदा टक्के आहे, ते तुझ्यासाठी बंद. मेस्कोमार्फत (राज्याचं माजी सैनिक महामंडळ) मिळणारी सुरक्षारक्षकाची कामं, डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) पुन्हा भरती, तीही बंद. माझ्याकडे बार्शीकडचा एक जण आला होता, तेरा वर्षं काही महिने सेवा करून नाव कापून, म्हणजे डिस्चार्ज घेऊन, आलेला. बँकेचा फॉर्म भरायला निघाला होता, वयाची सवलत धरून. त्याला हे सांगताना माझीच जीभ अडखळली. दीड वर्ष थांबला असता तर त्या कोट्यातून पहिल्या झटक्यात लागला असता, कारण स्टोअरमधली पोरं अशा परीक्षांना चांगली तयार असतात. आकडे, नोंदी, जुळणी हेच तर त्यांचं रोजचं काम.

वन रँक वन पेन्शनबद्दलही (समान रँक, समान सेवा, तर समान पेन्शन) ऐकून ठेव. ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशात, यापुढे स्वतःहून मुदतीआधी सेवानिवृत्ती घेणाऱ्यांना ती लागू नाही असं म्हटलं आहे. म्हणजे १५ पुरी करून आलास तर पेन्शन, ईसीएचएस, माजी सैनिकाचा दर्जा सगळं मिळेल, पण त्या आदेशाप्रमाणे वन रँक वन पेन्शन नाही. ती हवी असेल तर रँकची पूर्ण मुदत करावी लागते. नाईकाला २२ वर्षं, हवालदाराला २४, वर दोन वर्षांची वाढ मिळू शकते. १५ ला यावं की पूर्ण मुदत करावी यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात, घर बघून ठरवावं. ११ ला यावं की १५ ला, यावर माझ्या मनात फारशी शंका नाही.

(हे सगळं नियमित भरतीतल्या जवानांचं. २०२२ नंतरच्या अग्निवीरांचा हिशेब पूर्ण वेगळा आहे. त्यांना चार वर्षं, शेवटी सेवानिधी, पेन्शन नाही, आणि मध्येच स्वतःहून सोडायची मुभा फक्त अपवादात्मक परिस्थितीत. तुझा पुतण्या वगैरे कुणी अग्निवीर असेल तर त्याला हे उत्तर लावू नकोस.)

आता घर. वडिलांना झटका येऊन चार महिने झाले. तू डिस्चार्जबद्दल विचारलंस, पण कंपॅशनेट पोस्टिंगबद्दल एक शब्द लिहिला नाहीस. अर्ज केला होता का? माझा अंदाज, नाही. आपली पोरं सीओ साहेबांसमोर घरची अडचण मांडायला लाजतात आणि मग एकदम नाव कापायला निघतात. घरच्या अशा अडचणीसाठी घराजवळ ठरावीक मुदतीची पोस्टिंग मिळण्याची सोय आहे. अर्ज युनिटमार्फत रेकॉर्डला जातो आणि जिल्ह्यातून पडताळणी होते.

तुझं नशीब असं की तू ऑर्डनन्सचा आहेस आणि सोलापूरचा आहेस. आपलं गाव पुणे आणि सिकंदराबाद यांच्या मधोमध. तुमच्या कोअरचं सेंटर सिकंदराबादला. पुण्याकडे खडकीचा डेपो, देहूरोड. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूरहून सुटते, साधारण चार तासांत पुण्यात. इन्फंट्रीतल्या पोराला अशी पोस्टिंग मागायला जागा कमी असतात, बहुतेक वेळ त्याची पलटण असेल तिथे तो. तू मात्र शनिवारी रात्री आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन सोमवारी फॉलिनला (सकाळच्या हजेरीला) हजर राहू शकतोस. मिळेलच असं मी म्हणत नाही. जागा रिकामी लागते, तुझ्यासारखे आणखी दहा जण रांगेत असतात. पण मागितल्याशिवाय कशी मिळेल?

दुसरं, वडील तुझ्यावर अवलंबून असल्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने (जवानाच्या घरच्या बदलांची रेकॉर्डमध्ये नोंद करणारा युनिटचा आदेश) झाली आहे का? उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील आणि नोंद असेल तर त्यांच्यावर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये उपचार होऊ शकतात. पुण्यात वानवडीला कमांड हॉस्पिटल आहे. अर्धांगवायूच्या माणसाला महिनोन्‌महिने फिजिओथेरपी लागते, मेंदूच्या डॉक्टरांकडे वारंवार जावं लागतं. सोलापुरात खाजगीत यावर काय खर्च येतो ते तू चार महिन्यांत पाहिलं असशीलच. आत्ता डिस्चार्ज घेतलास तर हा आधार ज्या क्षणी सगळ्यात जास्त लागतो त्याच क्षणी तुटेल. वडिलांसाठी नोकरी सोडायची आणि वडिलांच्याच औषधपाण्याचं छत्र काढून घ्यायचं, असं होऊ नये.

उसाचं म्हणशील तर तीन एकर बटईने लाव किंवा चुलत्याला कसायला दे. वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल सुट्टी असते. ती तोडणीच्या हंगामाशी जुळवून माग, लग्नसराईशी नको.

आता मनातल्या दुखण्यावर येतो. इथे थोडा वेळ घेणार आहे, कारण हे दुखणं माझंही होतं.

गावात विचारतात, "किती मारले?" मलाही विचारायचे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत जुने वर्गमित्र भेटले की हमखास. मी क्लार्क आहे म्हटलं की चेहऱ्यावरचा भाव बदलायचा. युनिटमध्येही रायफलवाली पोरं आम्हाला बाबू म्हणायची. सकाळची पीटी तीच, फायरिंग तेच, रात्रीची गार्ड तीच, बीपीईटी या शारीरिक चाचणीचे पाच किलोमीटर तेच, आणि दिवसभर टेबल. आपल्याला दोन्हीकडचं ओझं आणि एकाही बाजूचा मान नाही, असं वाटायचं.

२००४ च्या सुमारास मी हवालदार होतो, उत्तरेकडच्या एका डोंगरी भागात. युनिटमधला एक ड्रायव्हर लग्नाच्या सुट्टीवरून परतला आणि त्याने माझ्या टेबलावर कागद ठेवले. लग्नाचा दाखला आणि जोडीचा फोटो. फोटो गावातल्या स्टुडिओतला, मागे रंगवलेला धबधबा, दोघंही श्वास रोखून उभे. लग्नाची पार्ट टू ऑर्डर काढायची होती, तासाभराचं काम. त्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं. मी फोटो पेपरवेटखाली ठेवला, म्हटलं पुढच्या आठवड्यात करू. नऊ दिवस तो तिथे होता. दहाव्या दिवशी त्याची गाडी दरीत गेली.

रेकॉर्डमध्ये वारस म्हणून फक्त आई होती. बायकोचं नाव कुठेच नव्हतं. ती सासऱ्यासोबत आली होती, वीस वर्षांची असेल. पुढे प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार, सरपंचाचा दाखला, पुन्हा पडताळणी. तिला फॅमिली पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. तोवर सासू आणि सून एका घरात राहायच्या थांबल्या होत्या. गाडी माझ्यामुळे गेली नाही. पण ते चौदा महिने आणि त्या घराची झालेली फाळणी, त्यात माझे नऊ दिवस आहेत. त्यानंतर सेवेच्या शेवटच्या दिवसापर्यंत कुणाच्याही लग्नाचा किंवा मुलाच्या जन्माचा कागद मी सूर्य मावळेपर्यंत टेबलावर ठेवला नाही. मला गोळी चालवावी लागली नाही, पण माझ्या हातून काय होऊ शकतं आणि काय वाचू शकतं हे त्या फोटोने मला शिकवलं.

तुझ्याच ट्रेडचा एक स्टोअरकीपर त्याच भागात होता. उंचावर जाणाऱ्या तुकड्यांना हिवाळी सामान इश्यू व्हायचं तेव्हा तो स्लीपिंग बॅगा नुसत्या मोजायचा नाही. हातात जाड मोजे घालायचा आणि प्रत्येक बॅगेची चेन तीन वेळा वर-खाली करायचा. कुणीतरी चिडून विचारलं, मोजे कशाला घालतोस? तो म्हणाला, वरती पोरगा मोजे घालूनच उघडणार ना, तिथे बोटं बाहेर काढून चेन सोडवत बसला तर बोटं जातील. त्या दुपारी त्याने अकरा बॅगा बाजूला काढल्या. त्या अकरा जणांना कधी कळलंही नसेल. तू अकरा वर्षं ब्लँकेट मोजलेस म्हणतोस, ते पांघरून कोण झोपलं, याचाही कधीतरी विचार कर.

आणि गोदामात धोका नसतो हे गावातल्यांना वाटू दे, तू तरी तसं मानू नकोस. ३१ मे २०१६ ला आपल्याच महाराष्ट्रात, पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. त्यात दोन अधिकारी गेले, आग विझवायला धावलेले अग्निशमनचे जवान गेले. ती बॉर्डर नव्हती.

तरीही खरं ते सांगतो. या कामात मन कोमेजतं, हे खोटं नाही. तीच बिन कार्डं, तेच लेजर, तीच स्टॉक टेकिंग. प्रमोशन जागा निघेल तेव्हा, त्यामुळे तुझ्याबरोबरचा दुसऱ्या ट्रेडमधला पुढे जातो आणि तू तिथेच. वरिष्ठ चांगला मिळाला नाही तर एक पोस्टिंग नरकासारखी जाते. तुझं पत्र वाचताना मला वाटलं की तू फौजेला कंटाळलेला नाहीस, या पोस्टिंगला आणि या दूरपणाला कंटाळलेला आहेस. पोस्टिंग बदलते. मधल्या काळात मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी कर, राहिली असेल तर. प्रमोशन कॅडरला नाव दे. हवालदार होऊन पेन्शनवर आलास तर हिशेबच बदलतो.

सोडणं कधीच बरोबर नसतं असं मी म्हणत नाही. माझ्याच हाताखालच्या एका पोराला मी स्वतः अर्ज लिहून दिला होता. सेवा सहा वर्षं, एकुलता एक, वडील गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि दोनदा मुदतीची पोस्टिंग मिळून संपलेली. पुढे नऊ वर्षं वाट बघ असं त्याला सांगणं क्रूर झालं असतं. तुझी सेवा चार-पाच वर्षांची असती किंवा पोस्टिंगचे सगळे मार्ग बंद झाले असते, तर मी वेगळं लिहिलं असतं. वडिलांची तब्येत आणखी ढासळली आणि पोस्टिंग नाकारली गेली, तर पुन्हा विचार करू. तेव्हा तुझी सेवा कदाचित बारा-तेरा वर्षं असेल, तरीही माणसापेक्षा पेन्शन मोठी नाही. पण आज ती वेळ आलेली दिसत नाही.

जेसीबीचं मात्र स्पष्ट सांगतो. मित्राला विचार, मशीन महिन्याला किती तास चालतं, डिझेल, ऑपरेटर आणि हप्ता जाऊन काय उरतं, आणि कंत्राटदाराकडे बिलं किती अडकली आहेत. लेखी दाखव म्हण. तो धंद्यात मुरलेला असेल तर अर्ध्या तासात दाखवेल. टाळाटाळ करायला लागला तर त्याला भागीदार नको आहे, तुझा फंड हवा आहे.

एक गोष्ट कळकळीने. सुट्टीवर आलास आणि घरची अवस्था बघून पाय निघेना, असं होऊ शकतं. काहीही झालं तरी न कळवता थांबू नकोस. परवानगीशिवाय गैरहजर राहणं हा आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ३९ खाली गुन्हा आहे. तीस दिवस उलटले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि पुढे भगोडा म्हणून नाव लागू शकतं. अकरा वर्षांची स्वच्छ शीट रोल (सेवेची नोंद) अशाने काळी करू नकोस. सुट्टी वाढवून हवी असेल तर ती संपायच्या आत युनिटला कळव आणि डॉक्टरांचा कागद जोड. खोटं मेडिकल करून घरी यायचा सल्ला देणारेही भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा.

आता पुढच्या सुट्टीत काय करायचं ते सांगतो. वडिलांची हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी, एमआरआय, सरकारी रुग्णालयाचा दाखला, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, आणि घरात दुसरा कमावता पुरुष नाही याचा सरपंचाचा दाखला, एवढं जमव. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि तुझ्या अर्जाची पडताळणी येईल हे आधीच सांगून ठेव. परत गेल्यावर सीओ साहेबांचा इंटरव्ह्यू माग. अर्ज कंपॅशनेट पोस्टिंगचा कर, डिस्चार्जचा नको. खडकी, देहूरोड, सिकंदराबाद अशी तिन्ही नावं लिही, एकाच ठिकाणावर अडू नकोस. अर्ज दिलास की त्याच्या दुसऱ्या प्रतीवर हेड क्लर्कची सही आणि तारीख घे आणि ती प्रत स्वतःच्या पेटीत ठेव. दर पंधरा दिवसांनी ती प्रत घेऊन त्याच्या टेबलासमोर जाऊन उभा राहा. तो चिडेल, चिडू दे. पेपरवेटखालचा कागद तसाच हलतो.